बागेत हाय गो

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर टाकलं तर अभ्यासात बुडून जाईल आणि मग राहूनच जाईल. चार दिवसांवर पेपर आहे, पुस्तक मांडीवर उघडं आहे, आणि मी पनवेलच्या हॉस्टेलच्या जिन्यात बसून दोन्ही अंगठ्यांनी भराभर टाइप करतेय. चुका दिसल्या तर समजून घ्या.

झालं असं की पाच मिनिटांपूर्वी मी घरी फोन लावला. काही काम नव्हतं, परीक्षा आली की मला उगाच घरी फोन करावासा वाटतो. अब्बांनी उचलला आणि म्हणाले, "बागेत हाय गो. मागनं लावतो." आणि ठेवला. बस, एवढंच. मग मी अम्मीला लावला, ती काय म्हणाली ते शेवटी सांगते. आणि मी फोनकडे बघून एकटीच अशी हसले की पाणी भरायला आलेल्या दोन मुलींनी वळून पाहिलं.

हे तीन शब्द मी जन्मापासून ऐकतेय. अब्बा बावीस वर्षं दोह्यात होते, तिथल्या बागांची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे. मी तिकडे कधीच गेले नाही. माझ्यासाठी दोहा म्हणजे फोनमधला वाऱ्याचा घुंऽऽ आवाज आणि त्या वाऱ्यातून येणारं "बागेत हाय गो, मागनं लावतो." माझा पहिला नंबर आला, अब्बा बागेत. मला कावीळ झाली, अब्बा बागेत. आमच्या घरात त्याचा अर्थच तसा झाला होता. बागेत हाय म्हणजे कामात आहे, आत्ता बोलता येणार नाही. इतका की अम्मी भांडी घासत असताना मी काही विचारलं तर ती पण मान वर न करता म्हणायची, "बागेत हाय."

आणि यात माझा एक मोठा घोळ होता. आम्ही महाडजवळच्या तुडीलचे. आमच्या खाडीपट्ट्यात बाग म्हणजे आंब्याची, काजूची, नारळाची. जिला फळ येतं ती बाग, नाहीतर ते नुसतं रान. त्यामुळे अब्बा बागेत काम करतात म्हणजे अब्बा आंबे पिकवतात हे मी धरूनच चालले होते. ते सुट्टीवर आले की सगळे गोळा व्हायचे, बॅगा उघडायच्या. खजूर निघायचे, टँगचा डबा, टॉर्च, जाड ब्लँकेट, अत्तरं. मी मात्र तळापर्यंत हात घालून आंबे शोधायचे. दुसरीत तर मी वर्गात सांगून टाकलं होतं की माझ्या अब्बांच्या बागेत थंडीत पण आंबे लागतात. बाईंनी विचारलं, आम्हाला कधी खायला देणार? मी म्हटलं, पुढच्या सुट्टीला.

शेवटी मामूने फोडलं. मामू म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ. तुडील ते महाड सहा सीटर चालवतो आणि त्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्याचं मत ऐकावंच लागतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझा बाप कसले आंबे पिकवतो गो? गवत पिकवतो. आमी इथं राबाला गवत जाळतो, न हा तिकडं जाऊन त्याला पाणी पाजतो." आमच्याकडे पावसाच्या आधी भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, गवत घालून जाळतात, त्याला राब म्हणतात. म्हणजे बघा, आमच्यासाठी गवत ही जाळायची वस्तू. सगळे खदखदून हसले. अब्बा पण हसले. मी पण हसले, आठ वर्षांची होते. पण हसून झाल्यावर अब्बा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ अंगणातल्या नळाचं वायसर बदलत बसले. ते वायसर चांगलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. आत्ता लिहिताना आठवलं.

तर परीक्षेचा सीझन आला की मला जो दिवस आठवतो तो बारावीतला. तीन वर्षं झाली. मार्च लागला होता, केमिस्ट्री संपलेली, बायोलॉजीला चार दिवस मध्ये सुट्टी. सावरीची पानं गळून नुसती लाल फुलं राहिलेली, आंब्याचा मोहोर गळून अंगणभर पिवळा भुगा पडायचा आणि तो भुगा माझ्या वहीत, केसात, चहात. अब्बा सुट्टीवर आले होते आणि परत जायला दहा दिवस राहिले होते. रमजान तोंडावर, आणि तिकीट रमजानच्या आधीचं. दरवेळी असंच व्हायचं.

पण त्यावेळी एक वेगळी गोष्ट होती. कंत्राट संपत आलं होतं. तिकडच्या सुपरवायझरने सांगितलं होतं, पुढची दोन वर्षं येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसरा माणूस घेतो. मी फोन करतो, तयार राहा. अब्बा काय सांगणार हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण अब्बा काही बोलतच नव्हते. सकाळपासून पडवीत इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी अम्मी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, त्यांना जरा बाहेर फिरवून आण, मला त्यांच्याकडे बघून चक्कर यायला लागलीय. मी अब्बांना म्हटलं, चला कुठेतरी. ते थांबले आणि म्हणाले, "महाडला बागा हायत ना आता? मला दाखव."

मला हसूच आलं. बावीस वर्षं बागेत राहून माणूस सुट्टीच्या दिवशी परत बागच बघायला मागतो. पण लगेच आठवलं, दोन महिन्यांच्या सुट्टीत त्यांनी लग्नं बघितली, दवाखाने बघितले, वरच्या अर्धवट मजल्याच्या सळ्या बघितल्या. महाडमधली एक बाग बघितली नव्हती. मी बायोलॉजीचं पुस्तक पिशवीत टाकलं, अम्मीने भाकरी आणि सुक्या जवळ्याचा डबा दिला आणि आम्ही स्कूटीवर निघालो. मी पुढे, अब्बा मागे. आणि मी मनात एकच वाक्य घोकत होते. अब्बा, नका जाऊ. तीनच शब्द. केमिस्ट्रीच्या सगळ्या रिअॅक्शन पाठ होत्या मला, पण हे वाक्य तोंडातून बाहेर काढायची हिंमत नव्हती. ठरवलं, पहिल्या बागेत बोलायचं.

पहिली बाग एका कॉलनीतली. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, कंपाउंडच्या भिंतीवर पुराची मातकट रेघ अजून तशीच, आणि भिंतीला लागून झेंडूचा ताटवा. मी तोंड उघडणार तेवढ्यात बघते तर अब्बा नाहीतच बाजूला. ते ताटव्यापाशी वाकून झेंडूची सुकलेली फुलं खुडत होते. कट, कट, कट. बोटं इतकी भराभर चालत होती की ती त्यांची वाटेचनात. तेवढ्यात वॉचमन आला. तिशीतला असेल, शिट्टी गळ्यात.

"ओ चाचा, फुलं तोडू नका. बोर्ड वाचता येत नाय काय?"

अब्बांनी मूठ उघडून दाखवली. सगळी वाळलेली. म्हणाले, ही काढली नाय तर नवीन येत नाय. वॉचमनने मुठीकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "सुकलेली चालतात असं बोर्डावर लिवलेलं नाय."

मला हे इतकं भारी वाटलं की मी हसणारच होते. पण अब्बा एकदम ताठ उभे राहिले, दोन्ही हात अंगाला चिकटवून, आणि म्हणाले, "सॉरी सर."

सर. तिशीतल्या वॉचमनला, माझे पन्नाशीचे अब्बा. इतकं आपोआप की त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. वॉचमनच ओशाळला बिचारा, असू दे असू दे चाचा करत निघून गेला. माझं वाक्य तिथेच राहिलं.

तिथून चवदार तळ्यावर गेलो. त्या पाण्याबद्दल मी काय सांगणार, महाडच्या पोराला ते शाळेत जायच्या आधीच माहीत असतं. तळ्याभोवती आम्ही अख्खी चक्कर मारली, सावकाश. कठड्याशी माणसं पाण्याकडे बघत उभी होती, एक आजोबा नातीला बोट दाखवून काहीतरी सांगत होते. अब्बा सगळं बघत होते पण बसत नव्हते. मी बाकावर बसले, तर ते बाकाच्या बाजूला उकिडवे बसले. मी सरकून जागा केली. नाय नाय, हितंच बरं हाय म्हणाले. मला वाटलं गुडघे दुखत असतील. मग वाटलं, गुडघे दुखत असतील तर माणूस उकिडवा कशाला बसेल?

मी विषय काढायचा म्हणून म्हटलं, सवला जाऊ या का, गरम पाण्याच्या कुंडावर? पाय सोडून बसू. अब्बा म्हणाले, "बाय, बावीस वर्षं तिकडं उन्हाळाभर नळाला तेच पाणी येत होतं. आता मुद्दाम जाऊन कशाला बघू?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की मला पुन्हा बोलता आलं नाही. हसणाऱ्या माणसाला कोण सांगणार, नका जाऊ म्हणून?

मग त्यांनाच हुक्की आली, पोलादपूरला चल म्हणाले. हायवेला लागलो. ऊन, ट्रक, वारा, आणि मागून अब्बा मला प्रत्येक झाडाचं नाव सांगतायत, मला अर्धी ऐकू येतायत. पोलादपुरात महाबळेश्वरहून उतरलेली स्ट्रॉबेरी टोपल्यांत मांडली होती, ती घेतली. आणि गावाच्या कडेला एक बाग दिसली. नवीनच, करंजाची चार झाडं, मध्ये हिरवळ. हिरवळ म्हणजे नावाला. अर्धी पिवळी, मध्ये मध्ये टक्कल. आणि भर दुपारी एक मावशी पाइप घेऊन तिला पाणी मारत होत्या. डोक्यावर पदर, पदरावर टोपी. नाव सुमनमावशी, ते नंतर कळलं.

अब्बा गेटमधूनच अस्वस्थ झाले. मी मनात म्हटलं, झालं, आता इथे पण सॉरी सर. पण त्यांच्याच्याने राहवेना. जवळ जाऊन अदबीने म्हणाले, मावशी, दुपारचं पाणी नका देऊ, उडून जातं, मुळाला लागत नाय.

मावशींनी पाइप न हलवता त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग कवा देऊ? रातीला येऊ? माजी ड्युटी दहा ते पाच हाय."

ड्युटी हा शब्द ऐकला आणि अब्बांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू, परक्या गावात कुणी आपल्या बोलीत हाक मारल्यासारखा. ते खाली गुडघ्यावर बसले, स्कूटीची किल्ली मातीत खुपसून बघितली. किल्ली अर्धीच गेली. माती दगडासारखी झालीय म्हणाले, लोक एकाच वाटेने चालतात, पाणी वरच राहतं. भोकं पाडायला लागतील. मावशींनी बागेतल्या सामानाच्या खोलीतून एक लोखंडी सळी आणली, अब्बांनी पाडून दाखवली, मग मावशींनी पाडली, मग माझ्या हातात दिली. बायोलॉजीला तीन दिवस राहिलेले असताना मी पोलादपूरच्या बागेत जमिनीला भोकं पाडत होते. झाडाला पाणी कसं चढतं, मुळाला हवा का लागते, ते पुस्तकातलं सगळं अब्बा गुडघ्यावर बसून सांगत होते. तुम्हाला वाटेल पेपरात तेच आलं असेल. नाही, त्यातलं काहीच आलं नाही.

अब्बा आता बोलत सुटले होते. तिकडच्या गवताचं नाव त्यांनी असं सांगितलं जसं घरातल्या पोराचं सांगतात. पासपालम. खारं पाणी पण पितो बिचारा, म्हणाले. मावशींना हसू आवरेना. गवताला नाव पण ठेवतात? मग त्यांनी विचारलं, एवढं करून लोक काय करतात त्या गवतावर? अब्बा म्हणाले, बसतात. पोरं लोळतात, डबे आणतात, सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

"आन तुमी?"

"आमी नंतर पाणी मारतो."

ते इतकं साधेपणाने म्हणाले की मी सळी तशीच धरून राहिले. मग त्यांनीच सांगितलं. युनिफॉर्म अंगावर असला की बाकावर बसायचं नाही, गवतावर बसायचं नाही. सुपरवायझरची जीप फिरायची. जेवायचं ते गाडीच्या सावलीत, उकिडवं. आणि रूम इतकी लांब की सुट्टीच्या दिवशी बागेत कोण येणार?

मावशींनी नळ बंद केला. पाइप गुंडाळून ठेवला. आणि म्हणाल्या, "म्हंजी बावीस वर्षं जगाला बसवलंत न तुमी बसला नाय. बसा आता. ही बाग माज्या ताब्यात हाय. मी सांगते, बसा."

अब्बा माझ्याकडे बघायला लागले. खरंच, परवानगी मागितल्यासारखे. मी मान हलवली. त्यांनी चपला काढल्या, एकाला एक लावून बाजूला ठेवल्या. करंजाखाली जरा बरं गवत होतं तिथे आधी हाताने चाचपलं, मग बसले. पाय लांब केले. आम्ही तिघांनी डबा खाल्ला, मावशींनी त्यांच्यातलं चवळीचं कालवण दिलं, वर स्ट्रॉबेरी. मावशी मग झाडायला गेल्या. अब्बा मागे रेलले, मग आडवे झाले, मग पाच मिनिटांत घोरायला लागले. भर दुपारी, गवतावर, तोंडावर करंजाची सावली हलतेय, आणि माझे अब्बा घोरतायत. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. घरी असले तरी काहीतरी दुरुस्त करत असायचे. मला वाटलं, हे माझ्याच अब्बांचं पोट आहे का, असं वरखाली होणारं?

आणि फोन आला. त्यांचा फोन माझ्याकडे होता, पुस्तकावर. स्क्रीनवर "सुपर". चारच वाजले होते.

आता मी जे केलं ते चूक की बरोबर ते मला अजून माहीत नाही. मी आवाज बंद केला आणि फोन उलटा करून पुस्तकाखाली ठेवला. पुन्हा फोन आला, पुस्तक थरथरलं. पुन्हा आला. तीन वेळा. मी पुस्तकावर दोन्ही तळवे दाबून बसले होते. मनात नुसतं चाललं होतं, हा काय तुझा निर्णय आहे का, घर त्यांच्यावर चाललंय, वरचा मजला अर्धा आहे, तुझी पुढची फी आहे, आणि तू त्यांचा फोन दाबून बसलीयस. पण उठवायला हात जाईना. बावीस वर्षांत पहिल्यांदा झोपला होता माणूस बागेत.

तासाभराने उठले. गालावर गवताच्या काड्यांचे वळ. मी एका दमात सांगून टाकलं, अब्बा तीन वेळा फोन आला, मी मुद्दाम नाही उठवलं. ते रागावतील म्हणून मी खाली बघत होते. त्यांनी हात पुढे केला. फोन घेतला, लावला. तिकडचा आवाज इतका मोठा की मला सगळं ऐकू येत होतं. कब से फोन करता है, किधर है तुम?

अब्बा म्हणाले, "साब, बाग में हूँ."

"कौन सा बाग? तुम तो छुट्टी पे है. उधर क्या काम?"

अब्बांनी इकडेतिकडे पाहिलं. पिवळ्या गवताकडे, आमच्या भोकांकडे, गेटपाशी झाडू घेऊन उभ्या राहिलेल्या मावशींकडे, माझ्याकडे. "काम नहीं है साब," ते म्हणाले. "बैठा हूँ. अभी इधर ही बैठेगा."

मग तो माणूस, ज्याला मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, हळू आवाजात म्हणाला, ठीक है भाई, बैठो.

माझं वाक्य मी बोललेच नाही. गरजच पडली नाही.

सगळं गोड झालं असं नाही हं. अम्मीने आधी फक्त विचारलं, जेवलात का? आणि मग दोन दिवस ती घरखर्चाचा हिशेब करत होती, तिची काळजी मला कळत होती. वरचा मजला झालाच नाही. सळ्या अजून आभाळात आहेत, पण अब्बांनी त्यांच्यावर पडवळाचा आणि कारल्याचा वेल चढवलाय आणि आता वाटेवरून जाणारे लोक तोच मांडव म्हणून बघतात. मागच्या अंगाला रोपं करून विकतात. आठवड्यातून एकदा पोलादपूरला जाऊन मावशींची हिरवळ बघून येतात, मावशी आता संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायची परवानगी काढून पाणी मारतात. त्या वर्षीचा रमजान मी अख्खा अब्बांबरोबर काढला, पहिल्यांदा. रोज इफ्तारीला ते पहिला खजूर माझ्या हातात द्यायचे. बायोलॉजीत मला पासष्टच पडले, पण त्यासाठी मी त्या दिवसाला कधी बोल लावला नाही.

तर आज. अब्बांनी "बागेत हाय गो, मागनं लावतो" म्हणून फोन ठेवला, तेव्हा मला जुन्या सवयीने वाटलं, कामात असतील. म्हणून अम्मीला लावला. विचारलं, अब्बा कुठल्या बागेत गेलेत, काही काम निघालंय का?

अम्मी म्हणाली, "काम कसलं गो. अंगणात गवत लावलंय ना त्यांनी, त्याच्यावर लोळलेत. तुझा मामू पण सहा सीटर लावून बाजूला पडलाय. दोघं घोरतायत."

त्यांना मागून फोन करायचा आठवणार नाही. मी पण करणार नाहीये. पुस्तक अजून त्याच पानावर आहे आणि जिन्यातला दिवा दोनदा विझून लागला. पण मला आधी तुम्हाला विचारायचंय. तुमच्या घरात आहे का असं कुणी, जे आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसायची सोय करत राहिलं? आणि ते माणूस पहिल्यांदा नुसतं बसलेलं, काहीही न करता बसलेलं, तुम्ही कधी बघितलंत? तेव्हा त्यांचा फोन वाजला असता, तर तुम्ही उठवलं असतंत?